सतरा वर्षांखालील भारतीय फुटबॉल संघापर्यंतची वाट : मराठवाड्यातील पालकांसाठी

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक भारतात झाला आणि त्याचे काही सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळले गेले. यजमान म्हणून उतरलेला भारतीय संघ अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून हरला. परंतु ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषक स्पर्धांतील भारताचा पहिला गोल ठरला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढे २०२२ मध्ये याच वयोगटातील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला आणि त्या संघात पुण्याची काजोल डिसूझा खेळली. तेव्हापासून आमच्या परभणीतील पालक एकच प्रश्न विचारतात : आपल्या मुलाला किंवा मुलीला तिथपर्यंत न्यायचे असेल तर सुरुवात कोठून करायची?

माझी मुलगी परभणीच्या मैदानावरून राज्याच्या संघापर्यंत पोहोचली. त्या काळात ज्या कार्यालयांच्या पायऱ्या आम्ही चढलो आणि इतर पालकांची जी ओढाताण पाहिली, त्यावरून हा लेख लिहीत आहे. आपल्या भागातील मुले खेळात कमी पडतात, असे मला वाटत नाही. त्यांच्यापैकी अनेक जण मैदानावर निवड होण्याआधीच वयाच्या आणि कागदपत्रांच्या टप्प्यावर गळतात, आणि ही गळती पालकांना थांबवता येण्यासारखी आहे.

१. संघ कोणाचा आणि स्पर्धा कोणती, हे आधी समजून घ्या

फिफा प्रत्येक देशातील एकाच महासंघाला मान्यता देते. भारतात ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला आहे, म्हणून भारताचा अधिकृत संघ फक्त हाच महासंघ निवडतो. महाराष्ट्रात त्याच्याशी संलग्न असलेली राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. तिला सगळे ‘विफा’ म्हणतात आणि तिचा कारभार मुंबईच्या कूपरेज मैदानावरून चालतो. तिच्याखाली जिल्हा संघटना येतात. शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा, राष्ट्रीय शिबिर आणि शेवटी संघ असा हा क्रम आहे. मधली पायरी गाळून वर जाता येईल असे कोणी सांगत असेल, तर खाली आठव्या मुद्द्यात लिहिलेले अवश्य वाचा.

राष्ट्रीय संघापुढेही पायऱ्या असतात. दक्षिण आशियाई स्पर्धा ही अनुभवाची असते. विश्वचषकाची वाट मात्र आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतून जाते. मुलांसाठी पात्रता फेरीतून १६ संघांचा आशियाई चषक आणि तेथे उपांत्यपूर्व फेरी गाठली तर विश्वचषक, असे आजचे गणित आहे. २०१८ मध्ये आपली मुले या चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ अशी हरली. तेव्हा उपांत्य फेरी गाठणाऱ्या चारच संघांना विश्वचषकाचे दार उघडत असे, त्यामुळे एक विजय कमी पडला आणि ती संधी हुकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला इराणला २-१ ने हरवून मुलांच्या संघाने पुढच्या आशियाई चषकात जागा मिळवली. त्याच्या महिनाभर आधी मुलींनीही उझबेकिस्तानवर २-१ असा विजय मिळवून आपली पात्रता निश्चित केली होती. हे संघ आकाशातून पडलेले नसतात. ते राज्या-राज्यांच्या स्पर्धांतूनच उभे राहतात.

२. जन्मवर्षाचा हिशोब करा

या वयोगटासाठी १ जानेवारी ही तारीख धरली जाते. २०२५ च्या विश्वचषकात १ जानेवारी २००८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुले खेळू शकत होती. म्हणजे जन्मवर्षात १७ मिळवले की मुलाच्या शेवटच्या संधीचे वर्ष मिळते : २०१० साली जन्मलेल्या मुलासाठी ते २०२७. पूर्वी हा विश्वचषक दर दोन वर्षांनी होत असे, त्यामुळे एका आड एक जन्मवर्षाच्या मुलांना थोरल्यांबरोबर झगडावे लागे. २०२५ पासून मुलांची स्पर्धा ४८ संघांसह दरवर्षी कतारमध्ये आणि मुलींची २४ संघांसह दरवर्षी मोरोक्कोमध्ये भरवण्याचे २०२९ पर्यंत ठरले असल्याने प्रत्येक जन्मवर्षाला आता स्वतःची संधी आहे.

मात्र सतराव्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. पात्रता फेरी मुख्य स्पर्धेच्या आदल्या वर्षी होते आणि तिच्यासाठी शिबिरे त्याही आधी सुरू होतात. म्हणून मूल तेरा-चौदा वर्षांचे असतानाच ते जिल्हा आणि राज्य पातळीवरील निवडकर्त्यांच्या नजरेत यायला हवे. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तुमचे मूल त्याच गटातील जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने लहान असते आणि त्या वयात वर्षाचा फरक अंगापिंडात स्पष्ट दिसतो. एका चाचणीत ते मागे पडले म्हणून त्याचा खेळ थांबवू नका.

३. जन्माचा दाखला आणि शाळेची नोंद जुळवा

हा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे शाळेत नाव घालताना दाखला जवळ नसला की गुरुजी रजिस्टरमध्ये १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. ही प्रथा कमी झाली असली तरी तिचे परिणाम आजही दिसतात. दाखल्यावर २३ सप्टेंबर आणि शाळेच्या नोंदीत १ जून, अशी दोन वये असलेले मूल वयोगटाच्या स्पर्धेत संशयाच्या भोवऱ्यात सापडते, मग ते कितीही प्रामाणिक असो. शाळेतील जन्मतारखेची दुरुस्ती मूल शाळेत शिकत असतानाच, मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवून आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने करून घ्यावी लागते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर, म्हणजे टी.सी. निघाल्यावर, हे काम फार अवघड होते. म्हणून शाळेत जाऊन निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधील मुलाच्या नोंदीची प्रत, मागा आणि तो जन्मदाखल्याशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

दुसरी अडचण दाखला मिळवण्याची. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथील ग्रामपंचायतीत, नगर परिषदेत किंवा महानगरपालिकेत होते, आईवडील राहतात तेथे नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपली रीत असल्याने जिंतूरच्या मुलाची नोंद सेलूला किंवा थेट नांदेडला सापडते. बीड आणि परभणीतील ऊसतोड कुटुंबांची परिस्थिती याहून कठीण आहे. कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या आईची प्रसूती तेथेच झाली असेल, तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा तेथील दवाखान्याच्या हद्दीतील नगर परिषदेत असते. गावी परतल्यावर ग्रामसेवकांकडे खेपा घालून ती मिळणार नाही. त्या वर्षी टोळी कोणत्या कारखान्यावर होती, हे आजीला किंवा मुकादमाला विचारा आणि तेथे अर्ज करा.

नोंदच झाली नसेल तर उशिराची नोंद करता येते. जन्माला वर्ष उलटून गेले असल्यास त्यासाठी कायद्याने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. ही वाट वैध आहे, पण मूल चौदा वर्षांचे झाल्यावर काढलेल्या दाखल्याकडे वयोगटाच्या स्पर्धेत बारकाईने पाहिले जाते. अशा दाखल्यासोबत दवाखान्याचे कार्ड, लसीकरणाची नोंद आणि अंगणवाडीचे रजिस्टर असे जुने पुरावे जोडून ठेवा. दाखल्यावर फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेले असून नाव नसेल, तर जन्मनोंदणीपासून १५ वर्षांच्या आत ते नोंदवून घ्या.

तिसरी अडचण नावाची. मराठवाड्यातील शाळेत ‘शेख अमान शेख रशीद’ असे लिहिले जाते, आधारवर ‘अमान रशीद शेख’ येते आणि दाखल्यावर नुसते ‘अमान’ असते. आपल्याला ही तिन्ही नावे एकाच मुलाची वाटतात. संगणकाला ती तीन मुलांची वाटतात. जन्मदाखला प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे त्याप्रमाणे करून घ्या. आधारवरील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे दाखला पक्का झाल्यावरच ती संधी वापरा. वयाच्या पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही विसरू नका.

या टप्प्यावर कोणी तरी तुम्हाला ‘वय दोन वर्षे कमी करून घेऊ’ असे सुचवेल. सुचवणारा ओळखीचा आणि भल्याची भाषा बोलणारा असतो. त्याला स्पष्ट नकार द्या. खोटे वय उघडकीस आले तर बंदी मुलावर येते आणि त्याच्या जागी घरी राहिलेल्या खऱ्या वयाच्या मुलाचे नुकसान कोणीच भरून देत नाही.

४. शाळेची आणि संघटनेची, अशा दोन्ही वाटा धरा

शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असा त्यांचा चढता क्रम असतो आणि आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगर व लातूर हे दोन विभाग आहेत. सुब्रतो चषकाची वाटही येथूनच जाते. १९६० पासून दिल्लीत होणाऱ्या या स्पर्धेत राज्याचा विजेता शालेय संघ खेळतो आणि तेथे देशभरातील जाणकार मुलांचा खेळ पाहायला येतात. शाळेने ऑनलाइन नोंदणी वेळेत केली नाही, तर मूल कितीही गुणी असो, त्याला त्या वर्षी मैदान मिळत नाही. शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांना भेटा. जिल्हा परिषदेच्या शाळेत क्रीडाशिक्षक नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून परिपत्रक आणून मुख्याध्यापकांच्या हाती द्या. मुले जमत असतील तर बहुतेक मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत.

दुसरी वाट जिल्हा फुटबॉल संघटनेची. विफाच्या आंतरजिल्हा स्पर्धेत जिल्ह्याचा संघ उतरतो, त्यातून राज्याचा सब-ज्युनियर आणि ज्युनियर संघ निवडला जातो व तो राष्ट्रीय स्पर्धा खेळतो. मुलांच्या ज्युनियर गटातील स्पर्धा डॉ. बी. सी. रॉय करंडकासाठी असते. राष्ट्रीय निवडकर्ते याच स्पर्धांवर आणि महासंघाच्या युवा लीगवर लक्ष ठेवून असतात. जिल्हा निवड चाचणीची बातमी अनेकदा स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते किंवा व्हॉट्सॲपच्या गटावरच फिरते. सचिवांना आधीच भेटून आपला क्रमांक त्या गटात घालून घ्या.

मुलींच्या पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुलींच्या जिल्हा चाचणीला आपल्याकडे अजूनही मोजक्याच मुली येतात, त्यामुळे कष्टाळू मुलीला येथे फार लवकर संधी मिळते. संघासोबत महिला व्यवस्थापक आहे का आणि राहण्याची सोय कोठे आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर स्वतः सोबत जा, परंतु मुलीला घरी ठेवू नका.

राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचाही विचार करावा. अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतूनच घडला. तेथे राहणे, शिक्षण आणि प्रशिक्षण यांचा भार शासन उचलते. प्रवेशाच्या शारीरिक चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते.

५. सीआरएस नोंदणी करा

महासंघाच्या स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येक खेळाडूची नोंद ‘सीआरएस’ या ऑनलाइन प्रणालीत होते आणि त्याला कायमचा क्रमांक मिळतो. ही नोंदणी क्लब, अकादमी किंवा संघटना करते. तो क्रमांक स्वतःजवळ लिहून ठेवा. एका वेळी खेळाडू एकाच क्लबकडे नोंदलेला असतो, त्यामुळे उन्हाळी शिबिरात एखाद्या अकादमीने पुढे केलेल्या फॉर्मवर न वाचता सही करू नका. नंतर जिल्ह्यातील क्लबकडे येताना आधीच्या क्लबची संमती मिळवण्यातच हंगाम निघून जातो.

६. कागदपत्रांची फाईल

एका फाईलमध्ये मूळ प्रती आणि दुसरीत झेरॉक्सचे संच ठेवा. चाचणीच्या ठिकाणी मूळ प्रती दाखवाव्यात, कोणाकडेही सोडू नयेत.

• जन्मदाखला, शक्यतो जन्मानंतर वर्षभराच्या आत झालेल्या नोंदीचा
• निर्गम उतारा आणि चालू वर्षाचे बोनाफाईड
• आधार कार्ड, अद्ययावत
• पासपोर्ट
• सीआरएस क्रमांक
• तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रक्तगट
• पालकांचे संमतिपत्र
• आजवरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे, तारखेच्या क्रमाने
• पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फोटो

७. मैदान आणि चाचणीचा दिवस

आपली मुले मुरमाड किंवा काळ्या मातीच्या मैदानावर वाढतात. उन्हाळ्यात तेथे चेंडू वेडावाकडा उसळतो आणि ऐन शालेय स्पर्धांच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, काळा चिखल बुटाच्या खुंट्यांत असा भरतो की दर पाच मिनिटांनी काडीने तो काढावा लागतो. मुंबईत कूपरेजसारख्या मैदानावर मात्र कृत्रिम गवत असते. तेथे पास सपाट आणि वेगाने येतो, आणि आपल्या मुलाची चेंडू पायाखाली थांबवून खाली पाहण्याची सवय त्याला एक क्षण मागे ठेवते. यावर उपाय हाताशी आहे. आता तालुक्याच्या गावीही बॉक्स क्रिकेटचे टर्फ झाले आहेत. रात्री ते भरलेले असतात, पण पहाटे रिकामे असतात आणि चार-पाच मुलांनी मिळून मागितल्यास मालक कमी भाड्यात देतात. चाचणीच्या आधी काही आठवडे तेथे पहिला स्पर्श आणि एका स्पर्शातील पास यांचा सराव करून घ्या. बूट रबरी खुंट्यांचे असावेत. धातूच्या खुंट्या कृत्रिम गवतावर चालत नाहीत. नवे बूट चाचणीच्याच दिवशी पहिल्यांदा घालू देऊ नका.

देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरायचे आणि थेट मैदानावर जायचे, असे बहुतेक जण करतात, कारण मुक्कामाचा खर्च वाचतो. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा. जागरण झालेले मूल दमट हवेत वीस मिनिटांत थकते आणि निवडकर्त्यांना तेवढेच दिसते. अर्जात खेळण्याची जागा एकच लिहा. ‘कोठेही खेळतो’ असे लिहिणाऱ्या मुलाला जेथे माणूस कमी असेल तेथे उभे केले जाते. विश्वचषकाच्या २१ जणांच्या संघातही किमान तीन गोलरक्षक असावे लागतात. उंच आणि धीट मुलाला ही जागा कमीपणाची वाटू देऊ नका.

वयाच्या वैद्यकीय तपासणीबद्दल थोडे. सतरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेसाठी फिफा २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी वापरते. मनगटाजवळच्या हाडातील वाढीची पट्टी पूर्ण जुळून आलेली दिसली, तर तो मुलगा अपात्र धरला जातो. मुलींची हाडे लवकर जुळत असल्याने त्यांना ही तपासणी लावत नाहीत. देशातील स्पर्धांत मनगटाच्या एक्स-रेवरूनही हाडांचे वय पाहतात. खऱ्या वयाच्या एखाद्या मुलाचीही हाडे लवकर पक्की होतात आणि तो बाहेर पडतो. तसे झाल्यास मुलाने काही गुन्हा केला नाही, हे त्याला घरात सर्वांसमोर सांगा आणि त्याला थोरल्या गटात खेळवा.

८. पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा

राष्ट्रीय संघाची जागा विकत मिळत नाही. तरीही दरवर्षी नेपाळ किंवा थायलंडमधील एखाद्या ‘आंतरराष्ट्रीय युवा चषका’चे निमंत्रण आपल्या जिल्ह्यांत फिरते. मुलाच्या अंगावर ‘इंडिया’ लिहिलेली जर्सी चढते आणि त्यासाठी घरातील सोयाबीनचे पैसे जातात. असे निमंत्रण आले तर एकच प्रश्न विचारा : हा संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने निवडला आहे का, आणि तसे त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर झाले आहे का? खासगी स्पर्धा सगळ्याच खोट्या असतात, असे नाही. स्वीडनमध्ये १९७५ पासून होणारा गोथिया चषक नावाजलेला आहे, पण तोही क्लब आणि शाळांच्या संघांचा असतो, देशांच्या संघांचा नव्हे. मान्यता नसलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र क्रीडागुणांसाठी चालत नाही आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाच्या पडताळणीतही टिकत नाही.

अकादमीत घालण्यापूर्वी तिला महासंघाचे मानांकन आहे का, ते पाहा. एजंट म्हणवणारी व्यक्ती पालकांच्या लेखी संमतीशिवाय अल्पवयीन खेळाडूशी बोलणी करत असेल, तर ती फिफाच्या नियमांबाहेर वागत आहे.

९. पासपोर्ट आधीच काढा

शिबिराचे बोलावणे आल्यावर पासपोर्टसाठी धावणे फार उशिराचे ठरते. मूल राज्य पातळीवर पोहोचले की अर्ज करा. अल्पवयीनांसाठी साधारण शुल्क १,००० रुपये आहे आणि परिशिष्ट ड मधील घोषणापत्रावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. हा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. पंधरा वर्षांवरील मुलाला दहा वर्षांचा पर्यायही घेता येतो. नाव जन्मदाखल्याप्रमाणेच भरा. मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर अनेक देश प्रवेश देत नाहीत, म्हणून नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवा.

१०. बोलावणे आल्यावर

शिबिराचे पत्र महासंघाकडून किंवा राज्य संघटनेमार्फत लेखी येते. फोनवरच्या बोलावण्यावर तिकीट काढण्याआधी संघटनेच्या कार्यालयात खात्री करा. पत्राची प्रत लगेच शाळेला देऊन हजेरीची सवलत लेखी मागा. सर्दी-खोकल्याचेसुद्धा औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना मूल राष्ट्रीय शिबिराला जात असल्याचे सांगा, कारण काही साध्या औषधांतही उत्तेजक चाचणीत निषिद्ध असलेले घटक असतात. पावडरी आणि गोळ्यांचे डबे सोबत देऊ नका.

शिबिरातून बरीच मुले परत पाठवली जातात. परतताना सहभागाचे पत्र मागून घ्या, प्रशिक्षकांनी काय सुधारायला सांगितले ते मुलाकडून त्याच दिवशी लिहून घ्या आणि जिल्ह्याच्या प्रशिक्षकांना दाखवा. दहावीचे वर्ष असेल तर सवलतीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत गेला आहे का, हे स्वतः मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जाऊन पाहा आणि पोचपावतीची झेरॉक्स वरच्या फाईलमध्ये लावा.